दोराखालची मोहरी

इंदूरच्या डॉक्टरांना दाखवून आल्यापासून रजनीला दुपारच्या झोपेत तीन स्वप्नं आलटून पालटून पडत होती. एकात तिची पाठ हळूच पुढे येऊन छातीशी बसे, शेजारीण गप्पा मारायला येऊन बसते तशी, आणि मागे काय उरलं हे बघायला रजनी वळली की मागे नुसता वारा असे. दुसऱ्यात पोट एकेक पायरी वर चढत येई. तिसरं सगळ्यांत सुंदर होतं. राम घाटाच्या पायऱ्यांवरून एक गोल, पारदर्शक पिशवी पाण्यात सुटे आणि कार्तिकातल्या दिव्यांमधून तरंगत जाई. रजनी घोटाभर पाण्यातून तिच्यामागे चालत राही, चालताना पाय भिजत नसत, आणि भीती अशी वाटतच नसे. जाग आली की हात आपोआप छातीच्या उजव्या बाजूला जाई. तिथे दीड वर्षापासून सपाट होतं.

गाठ निघाली तेव्हा उजवा स्तन पुरा काढावा लागला होता. मग सहा महिने सलाइनमधून औषधं, मग केस गेले, मग आले ते कुरळे आले. आता डॉक्टर म्हणत होते, आजार आटोक्यात आहे, नवीन स्तन करून देता येईल. तीन रस्ते आहेत. पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणायचा, किंवा पोटाचं मांस वर घ्यायचं, किंवा सिलिकॉनची पिशवी बसवायची. येत्या गुरुवारी जागा रिकामी होती. त्यानंतर डॉक्टर दोन महिने परदेशी जाणार होते. काय ते रविवारी चार ते पाचच्या दरम्यान घरच्या नंबरावर कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

आणि आज रविवार होता, म्हणून वाकनिसांची बैठक होती.

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्यांच्या घरात खाली थोरले भाऊ भय्यासाहेब आणि कल्पना वहिनी राहत, वर धाकटा जयंत आणि रजनी. स्वयंपाकघरं अकरा वर्षांपूर्वी वेगळी झाली, पण बैठक वेगळी झाली नाही. ती खालच्या हॉलमध्येच व्हायची, दुपारी तीनला. वाकनिसांचे पूर्वज दरबारात होते आणि तिथून त्यांनी इनाम वगैरे काही आणलं नाही, दोन नियम तेवढे आणले. पहिला, धाकट्याने आधी बोलायचं आणि थोरल्याने शेवटी, म्हणजे कुणी थोरल्याच्या तोंडाकडे बघून मत देणार नाही. दुसरा, ज्याच्याविषयी बैठक त्याने बोलायचं नाही, चहापाणी बघायचं. पहिला नियम शहाणपणाचा होता. दुसरा कुणी आणि का केला हे कुणालाच सांगता येत नसे, म्हणून तो जास्त कडक पाळला जाई. जयंतने स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत चहा वाटला होता. त्याच्या मुलीने, मृणालने, इंदूरला शिकायला जाण्याच्या बैठकीत वाटला होता, आणि त्यात साखर घालायची विसरली होती.

आज ट्रे रजनीच्या हातात होता.

"पोहे आधी घेऊन घ्या," कल्पना वहिनी म्हणाल्या. "गार झाले तर मजा नाही."

भय्यासाहेबांनी पोह्यांवर शेव घेतली, बशी बाजूला ठेवली आणि मृणालकडे बघून मान हलवली. घरातली धाकटी तीच. तेवीस वर्षांची, एमसीए करणारी, कालच बसने आलेली.

मृणालने पर्समधून घडी घातलेले कागद काढले. इंदूरच्या सायबर कॅफेत दोन तास बसून तिने ते उतरवून घेतले होते आणि मग कॉलेजच्या कॉम्प्युटरवर स्वतः चार्ट केला होता. आडवे रकाने, उभे रकाने, वर ठळक अक्षरं. तो छापून हातात आला तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं. दीड वर्षात पहिल्यांदाच आईच्या आजाराला चार कडा आल्या होत्या.

"स्तनाच्या पुनर्रचनेचे तीन मुख्य प्रकार आहेत," तिने वाचायला सुरुवात केली.

भय्यासाहेबांनी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. या घरात तो शब्द मोठ्याने उच्चारला जाण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"बेटा, ते पाठवालं, पोटवालं आणि पिशवीवालं असं सांग ना," ते म्हणाले. "आम्हाला समजतं."

"बरं. पाठवालं. चार तासांचं ऑपरेशन, आठवडाभर दवाखान्यात. पाठीवर एक आडवा व्रण. आईचा दुसरा लहान आहे, त्यामुळे पाठीचं पुरेल, आत वेगळं काही भरावं लागणार नाही. पोटवालं मोठं असतं, सात-आठ तास. पोटाचा एक स्नायू जातो. पुढे पोट तिथून फुगू शकतं, वजन उचलायचं नाही. पण सगळ्यात चांगलं दिसतं, काका. गरम असतं, आपलंच असतं. माणूस जाड झालं की तेही जाड होतं."

"आणि पिशवीवालं?"

"त्यात आधी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवतात. दर आठवड्याला सुईने थोडं थोडं पाणी भरतात, म्हणजे कातडी ताणली जाते. तीन-चार महिन्यांनी परत ऑपरेशन, पाणीवाली काढून सिलिकॉनवाली बसवायची. कुठूनच काही कापून आणावं लागत नाही. पण काही वर्षांनी कडक होऊ शकते, बदलावी लागू शकते."

"फॉरेनचा माल आता इंदुरात मिळायला लागला म्हणून काय अंगात भरायचा?" भय्यासाहेब म्हणाले.

"तुमची पाळी शेवटी," कल्पना वहिनी म्हणाल्या. भय्यासाहेब चमकले. वहिनींनी त्यांना मध्येच अडवावं, असं पस्तीस वर्षांत फारदा झालं नव्हतं.

"मला पोटवालं आवडलं होतं," मृणाल म्हणाली. "पण डॉक्टर म्हणाले, पोटावर मधोमध उभा व्रण आहे, त्याच्या पलीकडे रक्त नीट पोचत नाही. अर्धंच पोट कामाला येईल. म्हणून ते नको म्हणाले."

"उभा व्रण कशाचा?"

मृणालने कागदाची घडी घातली, उलगडली. "माझा," ती म्हणाली.

रजनीने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्याला नियमाची हरकत नव्हती.

"मग पाठवालं," मृणाल घाईने म्हणाली. "माझं मत पाठवालं."

चार्टमध्ये किती तास, किती दिवस, किती व्रण, दिसायला कसं, असे आठ रकाने होते. मृणालने ते पुन्हा एकदा वाचले आणि काहीतरी राहिलंय असं तिला उगाच वाटलं. पण परीक्षेत पेपर देतानाही तिला नेहमीच तसं वाटायचं.

जयंतची पाळी आली तेव्हा त्याने चष्मा पुसायला घेतला. बँकेत मॅनेजरसमोर उभं राहताना तो हेच करी.

तो काय बोलणार होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याला काय वाटत होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. दीड वर्षात त्याने रजनीला एकदाही उघडं बघितलं नव्हतं. ती पाठ करून कपडे बदलायची, तो पेपर वर धरायचा. त्याला तिथे काय आहे आणि काय नाही याची भीती नव्हती. आपल्या तोंडावर काय दिसेल आणि तिला ते कसं वाटेल याची भीती होती. नवीन झालं की ही भीती जाईल, पेपर खाली ठेवता येईल, एवढंच त्याचं गणित होतं. त्याला रजनी फार आवडत होती आणि हे सांगायची वेळ कधीच निघून गेली असं तो धरून चालला होता.

"मीही पाठच म्हणेन," तो म्हणाला. "डॉक्टरांचंही तेच मत आहे. त्यांनी सगळं विचारून घेतलं. वय, वजन, शुगर आहे का, काय काम करतात. मी सांगितलं, गृहिणी आहे. तर ते म्हणाले, मग तर पाठ उत्तम, घरकामाला काही फरक पडणार नाही."

स्वयंपाकघराच्या दाराशी कप आपटल्याचा आवाज झाला. फुटला नाही.

"काय झालं, रजनी?" जयंतने विचारलं.

रजनीने मान हलवली. काही नाही. बोलायचं नव्हतंच.

तिला तो क्षण नीट आठवत होता. डॉक्टरांचं टेबल, काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर, डॉक्टरांनी पेन उचलून विचारलेलं, "ह्या काय करतात?" प्रश्न तिच्याविषयी होता आणि जयंतला विचारला होता. आणि जयंत म्हणाला होता, गृहिणी. तो खोटं बोलला नव्हता. व्यायामशाळेत ती जाते हे त्याला ठाऊक होतंच. पण तिथे पगार नव्हता, हजेरी नव्हती, म्हणून ते काम नव्हतं. गेली सव्वीस वर्षं ती संध्याकाळी पाच ते सात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत होती. अठरा फुटांचा दोर, पायाच्या अंगठ्यात धरून सरसर वर जायचं, दोराचा वेढा कमरेला, मांडीला, छातीला घ्यायचा, आणि मग हात सोडून द्यायचे. उलटं लटकायचं. आडवं होऊन दोरावर झोपल्यासारखं करायचं. तिच्या हाताखालच्या चार मुली राज्याच्या संघात गेल्या होत्या. आजारपणानंतर ती खुर्चीवर बसून शिकवी, आणि सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता ती खुर्चीवरच बसणार. त्या दिवशी डॉक्टरांपुढे ती बोलली का नाही? इतकी वर्षं दुसऱ्या नियमात राहिली होती. आपल्याविषयी चाललेलं असताना गप्प बसायचं, हे तिच्या अंगात मुरलं होतं.

"कल्पना," भय्यासाहेब म्हणाले. "बोल. दोघांचं मत पाठ आहे."

कल्पना वहिनींनी पदर खांद्यावर घेतला. बैठकीत त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आता हे म्हणतील तसं." आजही सगळे त्याचीच वाट बघत होते, आणि भय्यासाहेबांनी तर पुढचं बोलायला तोंडही उघडलं होतं.

"मला पाठ नको," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे पोट?"

"पोट पण नको. थांबा ना, मला बोलू तर द्या. मी तिची पिशवी शिवते."

पिशवीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे. दवाखान्यातून फोमचं जे दिलं होतं ते इतकं हलकं होतं की चालताना वर सरकायचं. तेव्हा वहिनींनी माळ्यावरून मोहरीची उशी काढली होती. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून घालतात ती. त्यांनी ती लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, दिवस गेले म्हणून स्वतःच्या हाताने शिवली होती. ते मूल राहिलं नाही, नंतरही झालं नाही. मग त्या उशीवर मृणाल झोपली. आणि दीड वर्षापूर्वी वहिनींनी ती उसवली, मऊ मलमलीची गोल पिशवी केली, बरोबर वजनाची मोहरी भरली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा जिना चढून वर गेल्या. "घालून बघ," एवढंच म्हणाल्या होत्या. मोहरी अंगाच्या उबेने उबदार व्हायची, हलली की बारीक सरसर करायची. रजनी पहिल्यांदा रडली ती तेव्हा, ऑपरेशनला नव्हती रडली.

"दर दोन-तीन महिन्यांनी ती मला दुरुस्तीला देते," वहिनी सांगत होत्या. "आधी चांगली यायची. दसऱ्यापासून फाटून येते. एकाच जागी, तिरकी. मोहरी पण अर्धी सांडलेली. मी विचारलं नाही. पण कपड्यात सुताचे पांढरे धागे अटकलेले असतात, जाड सुताचे. आपल्या घरात असं सूत कशाला आहे? दोराला आहे."

जयंतने हातातला चष्मा डोळ्यांना लावला.

"ती चढते," वहिनी म्हणाल्या. "दुपारी, तिथे कुणी नसतं तेव्हा. आणि उलटी झाली की माझी पिशवी गळ्याशी येते आणि निसटते. हो ना, रजनी? तू बोलू नको, नुसती मान हलव."

रजनीने मान हलवली.

"आई!" मृणाल म्हणाली. तिने चार्ट उचलून घाईघाईने वाचला, जणू तो मध्यंतरी बदलला असेल. आठ रकाने. चढता येईल का, हा रकाना नव्हता.

"मला डॉक्टरी समजत नाही," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगू? मला वाटत होतं तिने काहीच करू नये. ऑपरेशन झालं की ही कशाला खाली येईल, कशाला मला पिशवी देईल. मला आपल्या मतलबाचं वाटत होतं. लेकिन चढायला पाठ लागते एवढं तर मलाही दिसतं ना. तिचीच पाठ काढून तिला पुढे लावायची, हे काय झालं? माझं मत, आधी डॉक्टरांना हे सांगून द्या."

भय्यासाहेबांची पाळी आली. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती आणि पाणी कुठून फुटणार हे त्यांना आधी कळतं असा त्यांचा लौकिक होता. आज त्यांना काहीच आधी कळलं नव्हतं. त्यांना त्यांची आई आठवत होती. तिच्या छातीत गाठ होती आणि तिने ती पाच वर्षं कुणाला सांगितली नाही. तिच्यावर कधी बैठक झाली नाही. होऊ शकली असती, पण तिला तो शब्द उच्चारता आला नाही आणि भय्यासाहेबांना विचारता आलं नाही. रजनीने गाठ लागली त्याच दिवशी सांगितली, म्हणून ती आज चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ह्या बाईने जगलं पाहिजे, बस, यापलीकडे भय्यासाहेबांना खरं म्हणजे काही नको होतं. पण भीती त्यांच्या तोंडून नेहमी हुकूम होऊनच बाहेर पडे.

"दोर आता पुरे," ते म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षांची झाली. एवढं मोठं दुखणं काढलं. वरून पडली म्हणजे? डॉक्टर पाठ म्हणतात तर पाठ. गुरुवारी. जयंत, चार वाजले, फोन लावून दे."

जयंत उठला. त्याने एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा रजनीकडे. मग कोपऱ्यातल्या तिपाईवरच्या फोनचा नंबर फिरवायला लागला. इंदूरची लाइन तिसऱ्या खेपेला लागली. पलीकडे कुणीतरी "एक मिनिट" म्हणालं, आणि जयंत रिसीव्हर धरून थांबला.

त्या एका मिनिटात रजनीला झोप लागल्यासारखं झालं. हॉल तिला उलटा दिसला. पंखा जमिनीत रोवलेला, सगळी माणसं छताला पाय लावून बसलेली, वहिनींचा पदर खालून वर लोंबणारा. अशी मंडळी किती छान दिसतात, तिला वाटलं, कुणी मोठं नाही आणि कुणी धाकटं नाही. दोरावर उलटं झालं की पहिल्या श्वासाला हे असंच व्हायचं. आतलं सगळं डोक्याकडे यायचं आणि मग शांत व्हायचं. दसऱ्यानंतर दुपारच्या ओसाड वेळी ती सात वेळा चढली होती. पाच वेळा अर्ध्यातून उतरली. सहाव्यांदा वर पोचली. सातव्यांदा तिने हात सोडले, आणि गळ्याजवळून मोहरी झरझर झरझर खाली गेली, आणि ती लटकलेलीच राहिली. तो झरण्याचा आवाज तिच्या कानात अजून होता.

तिने ट्रे वहिनींच्या हातात दिला, चालत गेली आणि जयंतच्या हातून रिसीव्हर घेतला.

"रजनी," भय्यासाहेब म्हणाले. "बैठक आहे."

"हो, भय्यासाहेब," ती म्हणाली. "माझीच आहे."

जयंत बाजूला झाला. त्याने तिला अडवलं नाही. आपण अडवलं नाही हे त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

"डॉक्टरसाहेब, मी रजनी वाकनीस बोलतेय, उज्जैनहून. तुम्ही विचारलं होतं मी काय करते. तेव्हा उत्तर चुकलं. मी दोरीचा मल्लखांब करते. शिकवते. स्वतः चढते."

मग डॉक्टरांनी काहीतरी विचारलं.

"हाताने आणि पायाने, दोन्ही. अठरा फूट. हो, उलटं पण. तेच सगळ्यात जरुरी आहे."

पुन्हा बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मृणालने चार्ट उलटा करून कोऱ्या बाजूला पेन धरलं होतं. रजनी मध्ये मध्ये तिच्याकडे बघून हळू आवाजात सांगत गेली आणि मृणाल लिहीत गेली. पाठीचा तो स्नायू हात वर करून अंग खेचायलाच असतो. घरकामाला त्याच्याशिवाय चालतं, दोराला चालत नाही. पोटाचा घेतला तर उलटं होऊन पाय वर उचलणं कठीण. पिशवीवाल्यात दोन्ही वाचतात, पण छातीवर दोराचा वेढा परत कधी घ्यायचा नाही.

"छातीचा वेढा मी सोडून देईन," रजनी म्हणाली. "कमरेचा ठेवेन."

मग ती पुन्हा ऐकू लागली आणि तिचा चेहरा बदलला. "काहीच न करणं, हेही चालतं?" तिने विचारलं. "हे तेव्हा का नाही सांगितलं? ... हो. हो, तेव्हा मी पण नाही विचारलं."

फोन ठेवल्यावर ती तिपाईजवळच्या खुर्चीवर बसली.

"डॉक्टर काय म्हणाले?" जयंतने विचारलं.

"म्हणाले, तुमच्या अंगातून मी पाठ काढून घेतली असती आणि तुम्ही मला दुवा देत घरी गेल्या असत्या. गुरुवार दुसऱ्या पेशंटला दिला. परदेशातून आले की मला परत बघतील. तोपर्यंत चढायचं, म्हणाले, आणि काय दुखतं, काय खेचतं, ते लिहून आणायचं."

"दोन महिने!" भय्यासाहेब म्हणाले. "आणि दोन महिन्यांत तू काय ठरवणार?"

"पाठ आणि पोट नाही, हे आजच ठरलं. पिशवी घ्यायची की असंच राहायचं, ते मी वर जाऊन बघणार, भय्यासाहेब. खाली बसून मला नाही कळत." आणि मग, कधी नव्हे ते, तिने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मला मरायची भीती वाटत होती तेव्हा तुम्ही सगळे होता. आता मला जगायची इच्छा झालीये तर आता पण राहा ना."

भय्यासाहेबांनी गार झालेल्या पोह्यांची बशी उचलली आणि खायला लागले. त्यांचे डोळे भरले होते आणि पोह्यांवर लिंबू फार झालंय असं ते दोनदा म्हणाले.

"दोन महिने म्हणजे मला पिशवीला बंद लावावे लागतील," कल्पना वहिनी म्हणाल्या. "दोन खांद्यावरून, एक पाठीमागून. उलटी झाली तरी हलणार नाही अशी शिवते. मृणाल, वर जाऊन आईचं माप घेऊन ये. नाही, तू राहू दे, मीच येते."

दुसऱ्या दिवशी जयंत बँकेतून पाचला निघाला. टॉवर चौकात तो नेहमी भाजी घेई. आज त्याने स्कूटर सरळ पुढे काढली आणि व्यायामशाळेच्या दाराशी लावली. सव्वीस वर्षांत तो इथे आत कधी आला नव्हता. रजनीला घ्यायला आला तरी बाहेरून हॉर्न द्यायचा.

मुली अजून कपडे बदलत होत्या. ऊन तिरपं झालं होतं आणि हवेत मातीचे कण तरंगत होते. मधोमध दोर लोंबत होता आणि दोराच्या टोकाला, वर, रजनी होती. बिनबाह्यांच्या पोलक्यात, सलवारीत. वहिनींची नवी पिशवी अजून शिवून व्हायची होती, म्हणून उजवीकडे पोलकं सपाट होतं, सरळ अंगाला लागलेलं. तिने लपवलं नव्हतं. जयंतने पहिल्यांदा तिकडे बघितलं, आणि त्याला कळलं की त्याच्या तोंडावर काहीच आलेलं नाही. किती वर्षांनी, त्याला वाटलं, ही मला दिसतेय.

दोराखालची माती मऊ, खणलेली होती. मुली पडल्या तर लागू नये म्हणून रोज तिच्यावर पाणी शिंपत. जयंत पुढे गेला आणि थांबला. दोराच्या बरोबर खाली, हातभर गोलात, हिरवं काहीतरी उगवलं होतं. दोन दोन पानांचं, नाजूक, दाट. कुणी तुडवू नये म्हणून मुलींनी भोवती विटांचे तुकडे मांडले होते.

"हे इथे कुणी पेरलं?" त्याने वर बघून विचारलं.

रजनी सरसर अर्ध्या दोरापर्यंत खाली आली, तिने मांडीला वेढा घेतला, हात सोडले आणि हळूहळू डोकं खाली केलं. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला, उलटा, लालबुंद, कुरळे केस खाली लोंबणारे. ती जराशी हलत होती, दोर तिला हलवत होता.

"मी," ती म्हणाली. "बाजूला व्हा, तुमचा बूट लागतोय."

जयंतने पाय मागे घेतला, खाली वाकून बूट काढले, आणि तिथेच उभा राहिला.